सत्याची साखळी

सगळं गाव सरोवराच्या पायऱ्यांवर लोटलं होतं. खाली गुडघाभर पाण्यात जाळीवाले काका उभे होते आणि त्यांच्या हातात लोखंडी साखळी होती. गावात नव्यानं आलेले बाबा मात्र वरच्या पायरीवर, कोरड्या लाकडी पाटावर. पाय भिजवायचे नाहीत असं त्यांचं व्रत होतं म्हणे.

"निष्पापाला पाणी गोंजारतं, पाप्याला पाणी झिंजाडतं!" बाबांनी दोन्ही हात वर केले. "बोल, सरोवरा, बोल!"

आणि सरोवर बोललं! काकांचं अंग ताठ झालं, मान मागे गेली, दात कडकडा वाजू लागले. साखळी सोडू म्हणता सुटेना. "बघा... साखळीत..." एवढं कसंबसं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते पाण्यात कोसळले.

उरलेला न्याय गावानं केला. बर्फवाल्यानं वल्हं उचलून पहिला तडाखा हाणला. "मासे मारतोस? आमच्या पोटावर पाय आणतोस?" बाकीच्यांनी लाथा घातल्या. पायाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, आणि त्यावर कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

प्रकरण माशांचं होतं. बाबा आल्यापासून पायऱ्यांच्या आसपास मेलेले मासे तरंगायला लागले होते. गावाचं पोट माशांवर, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. गावात कुणीतरी महापापी आहे, त्याच्यामुळे मासे मरतात, असं निदान बाबांनी केलं. मग मासे फक्त बाबांच्याच पायऱ्यांपाशी का मरतात, पलीकडच्या काठाला का नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जाळीवाल्या काकांना सुचलं होतं. म्हणून तर या वेळी नंबर त्यांचा लागला.

त्या गर्दीत सूचनाताई उभी होती. ती गावच्या कचेरीत कामाला. रोज सकाळी भोंग्यावरून गावाला सूचना वाचून दाखवायची. पाणी उकळून प्या, होडीत जास्त माणसं घेऊ नका, अमुक वेळी वीज जाणार आहे. त्यावरून तिला हे नाव पडलं आणि खरं नाव ती स्वतःसुद्धा विसरत चालली होती. बाबांना तिच्या सूचनांचं भारी अगत्य. "आधी गावाची सूचना, मग सरोवराचा न्याय," असा त्यांनी दंडकच घातला होता. भोंगा थांबल्याशिवाय ते पाटावर चढत नसत. लोकांना केवढं कौतुक! एवढा मोठा माणूस, पण कचेरीचा मान ठेवतो.

काकांना दवाखान्यात कुणी न्यायचं? गर्दी पांगली. शेवटी सूचनाताईच्या धाकट्या भावानं त्यांना पाठीवर घेतलं. तो नावाडी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पायाला पट्ट्या बांधल्या आणि मग काकांचे तळहात उलटे करून सोबत आलेल्या सूचनाताईला दाखवले. दोन्ही तळव्यांवर भाजल्याचे चट्टे होते.

"पाप हल्ली हातातून बाहेर पडतं वाटतं?" त्या म्हणाल्या. "ताई, हा विजेचा शॉक आहे."

भाऊ तापट. दुसऱ्याच दिवशी त्यानं एका फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पायऱ्यांजवळ पाण्यात उतरू नका. शॉक लागतो.' आणि फळी पायऱ्यांच्या तोंडाशी ठोकली. दिवस मावळायच्या आत फळीची होळी झाली, आणि भावाला मारत मारत बर्फाच्या कोठारात कोंडलं. उद्या सकाळी साखळी तो धरणार होता.

सूचनाताई कोठाराच्या दाराशी गेली तर बर्फवाल्यानं तिला ढकलून दिलं. "बहीण आहेस म्हणून सोडतोय. तुझा भाऊ थरथरला ना, तर पायावर भागणार नाही."

आतून भाऊ ओरडला, "ताई, तू घरी जा! ही माणसं शुद्धीवर नाहीत."

ती घरी गेली नाही. कचेरीत जाऊन बसली आणि डोक्याला हात लावून एकच गोष्ट आठवत राहिली. मध्यंतरी पिठाच्या गिरणीवाल्याचा न्याय व्हायचा होता, तो बाबांनी ऐनवेळी पुढे ढकलला. 'आज सरोवर मौनात आहे.' त्याआधी शिंप्याच्या वेळीही हेच मौन. आणि दोन्ही सकाळी तिनंच भोंग्यावरून सांगितलं होतं की आज वीज बंद राहणार.

म्हणजे बाबा सूचनांचा मान ठेवत नव्हते. सूचना कान देऊन ऐकत होते!

तेवढ्यात फोन वाजला. वीज कचेरीचा माणूस म्हणाला, "उद्या सकाळी दुरुस्ती आहे. सगळ्यांना सांगा बरं का."

"सांगते की," ती म्हणाली. आणि फक्त डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, म्हणजे लसी बर्फात ठेवता येतील. नोकरीत पहिल्यांदाच ती एक सूचना गिळून बसली.

सकाळी कचेरीच्या खिडकीतून पायऱ्या समोर दिसत होत्या. भावाला दोरीनं ओढत आणलं. डोळा सुजून बंद झालेला, सदऱ्यावर रक्त. कचेरीत तिच्या डोक्यावरचा पंखा अजून गरगरत होता. सूचनाताईनं बॅटरीवरचा भोंगा चालू केला.

"ग्रामस्थांनो, पाणी उकळून प्यावे. लहान मुलांना काठावर एकटे सोडू नये." पंखा फिरतोच आहे. "एक चप्पल सापडली आहे, डाव्या पायाची. ज्यांची असेल त्यांनी उजवी दाखवून घेऊन जावी."

खाली कुणीतरी भावाच्या पोटात गुद्दा मारला. तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "कुत्री बांधून ठेवावीत. होडीत दोर ठेवावा. दोर कसा ठेवावा? गुंडाळून ठेवावा."

"आटप गं बाई!" खालून आरोळी आली. बाबा पाटाशेजारी चुळबुळत होते, पण दंडक त्यांचाच. मोडणार कसा?

पंख्याची पाती मंदावली. दिसू लागली. थांबली.

"सूचना समाप्त," असं म्हणून ती जी पळत सुटली ती थेट पायऱ्यांवर.

बाबा पाटावर चढले होते. भावाच्या हातात साखळी दिली होती आणि बर्फवाला वल्हं सरसावून उभा होता.

"बोल, सरोवरा, बोल!"

सरोवर गप्प.

"बोल, सरोवरा, बोल!" बाबांचा आवाज चढला, घसा बसला, कपाळाला घाम फुटला. भाऊ फुटक्या ओठांनी म्हणाला, "पाणी गार आहे. दुसरं काही बोलत नाही."

"पाप फार जुनं आहे! सरोवर मौनात—"

"वीज गेली आहे, म्हणून मौनात!" सूचनाताई ओरडली. "तुमची सूचना आज मी वाचलीच नाही, बाबा!"

पायऱ्यांजवळ वीज होती ती फक्त पंपाच्या खोलीत. डॉक्टरीणबाई तोवर तिथं पोचल्या होत्या. बाबांचा चेला तिथं ध्यानाला बसतो, त्याला हटकायचं नाही, असा नियम होता. दोघातिघांनी दार फोडलं. चेला अंधारात बटण खालीवर खटखटवत बसला होता. उजेड फटीतून दिसू नये म्हणून तो दिवा लावत नसे, त्यामुळे वीज गेल्याचा त्याला पत्ताच नव्हता. 'बोल' म्हटलं की बटण दाबायचं, एवढीच त्याची साधना. तिथून एक वायर पायऱ्यांखालून साखळीला जोडलेली आणि दुसरी पाण्यात सोडलेली. ती तो रोज रात्री चालू करून बघायचा. मासे मारणारा महापापी हाच.

मग एकच कल्लोळ उठला. बाबांना पाटावरून खेचलं, तुडवलं, पाण्यात लोटलं आणि त्यांचे हात साखळीनंच आवळले.

"वीज येऊ दे!" बर्फवाला किंचाळला. "मग बघू हा कसा थरथरतो!"

"येऊ दे, येऊ दे!" गाव ओरडू लागलं. परवाचीच तोंडं, परवाचाच सूर.

सूचनाताई पंपाच्या खोलीत शिरली आणि फ्यूज उपसून मुठीत घेऊन बाहेर आली.

"हा मी देणार नाही. सोडा त्याला. डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना बोलावलंय."

"तुझ्या भावाला मारत होता हा!" बर्फवाला ओरडला.

"हा?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "बटण चेल्यानं दाबलं, थापा यानं मारल्या, त्याचा हिशोब कोर्टात होईल. माझ्या भावाचा डोळा कुणी सुजवला? काकांचा पाय विजेनं मोडला का रे? वल्हं कुणाच्या हातात होतं?"

बर्फवाल्यानं हातातल्या वल्ह्याकडे पाहिलं. मग ते हळूच पायरीवर ठेवलं. पोलिसांची गाडी येईपर्यंत कुणी बाबांना हात लावला नाही.

दुपारी दहाबारा जण मान खाली घालून जाळीवाल्या काकांच्या दारात गेले. कडी वाजवली, पण दार उघडेना. शेवटी आतून आवाज आला, "ढकला. मला उठता येत नाही."

आत गेल्यावर बर्फवाला रडायलाच लागला. काकांनी त्याला थांबवलं.

"माफी राहू दे. मी साखळी धरून 'बघा, बघा' म्हणत होतो. तुम्ही सगळे माझ्याकडेच बघत होता. एकानं खाली वाकून साखळी कुठं जाते ते पाहिलं असतं, तर मी आज चालत असतो. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला ना, तर आधी वाका आणि बघा. मारायचं काय, ते नंतरही मारता येतं."