कळपापुढची जागा

आमचे मालक रोज शेवटचे यायचे. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. दुष्काळानं ऊस नाही म्हणून सहकारी साखर कारखाना बंद होता. ज्या आवारात एरवी उसाच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसायची, तिथं आता भरतीची तयारी करणारी पोरं पळायची. त्यांना पळवायचा धर्मराज, पलटणीतून निवृत्त होऊन कारखान्यावर पहारा करणारा. आणि त्या मिसरूड फुटलेल्या पोरांच्या मागं चाळिशीला टेकलेला माझा नवरा, म्हाळू.

भरती प्रादेशिक सेनेची होती. म्हणजे वर्षातले काही महिने वर्दी घालायची, बाकीचे दिवस आपला धंदा करायचा. तिथं वयाला सूट असते, पण यंदा हुकलं तर मालकांची तीही सूट संपणार होती. तरुणपणी ते एकदा भरतीच्या रांगेत उभे राहिले होते. सासऱ्यांनी हाताला धरून बाहेर काढलं, कारण तेव्हाही पाऊस नव्हता आणि मेंढरं गोदावरीच्या काठाला, गंगथडीला न्यायची होती. तेव्हापासून वाटेत कुणी फौजी दिसला की हा माणूस बोलणं अर्धवट टाकून त्याच्या वर्दीकडं बघत राहतो. मला ते बघवत नाही, खरं सांगते.

यंदाही तोच दुष्काळ आणि तीच मेंढरं. माझ्या सासूबाई, साखराबाई, म्हणाल्या, "ह्यो टरेनिंगला गेल्यावर कळपाच्या फुडं कोण चालंल? बाईच्या हाकंवर मेंढरू हालत न्हाई."

"आत्याबाई, आधी भरती तर हू द्या," मी म्हणाले.

बरं, दम कमी म्हणावा तर दिवसभर रान तुडवून हा गडी परत येताना कधी लंगडलेला मी बघितला नाही. धर्मराज वैतागला. "म्हाळू, पायात जोर हाय तुझ्या, मंग मागं कावून ऱ्हातो बे?"

"बूट लागायलाय," मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणे, धूळ लई हाय. नाचता येईना, अंगण वाकडं!

शेवटी मीच बघायला गेले. कारखान्याच्या कट्ट्यावर बसले आणि एका फेरीतच उलगडा झाला. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. शहादेव नावाचं एक जाडजूड पोरगं मागं पडलं, तसे मालकही हळू झाले. जीभ टाळ्याला लावून त्याला चुचकारलं, घोळक्यात आणून सोडलं. मग डावीकडं कुणी भरकटलं का ते बघितलं. हातात काठी नव्हती, एवढंच.

"आवो, तुमी पोरं चारायलेत!" येताना मी म्हणाले.

ते वाटेतच थांबले. "मला ठावंच न्हाई, सारजे. कुणी मागं ऱ्हायलं की पायच जड व्हतेत."

चरणाऱ्या कळपाच्या मागं राहायचं आणि एकही मेंढरू सुटू द्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. पण कळून उपयोग काय? दुसऱ्या दिवशी पुढं जायचं ठरवून गेले आणि पुन्हा शेवटचेच आले.

घोडामैदान जवळ आलं होतं. मला राग आला. त्यांचा, मेंढरांचा, न पडणाऱ्या पावसाचा. त्याच रागात भाकरी थापताना डोक्यात आलं, गंगथडीला निघताना हाच माणूस पुढं चालतो की! हाक देतो आणि चालू लागतो. पुढचा गडी वळून बघत उभा राहिला तर सगळा कळप थांबतो, म्हणून मान वळवत नाही. वळवायची गरजही नसते. शेवटाला बिऱ्हाडाचं घोडं घेऊन मी असते.

दुसऱ्या दिवशी पळायला उभ्या राहिलेल्या पोरांच्या मागं मी जाऊन उभी राहिले.

"वैनी, तुमी हितं?" धर्मराजनं डोळे मोठे केले.

मी मालकांना म्हणाले, "शेवटाला मी हाय. ह्यातलं एक बी सुटणार न्हाई. तुमी वाट धरा."

शिट्टी वाजली. मी पदर खोचून धावले. पोरं हसली, हसू देत. मालकांनी मान वळवायला घेतली आणि तशीच सरळ केली. थोड्या वेळानं त्यांची पाठ मला सगळ्यांच्या पुढं दिसली. मला रडू फुटलं. डोळ्यात धूळ गेली, असं मी नंतर सांगितलं.

परळीला भरतीच्या दिवशी बायकांना आत सोडत नव्हते. मी फाटकाबाहेर उभी राहिले, तेवढं त्यांना पुरलं. निवड झाली. मग धर्मराजनं ट्रेनिंगची तयारी करून घेतली. बुटात चालायचं, अंथरूण घडी करायचं, मेंढरं राखताना मानेवर आडवी काठी टाकून तिच्यावर हात लोंबकळत ठेवायची सवय मोडून ताठ उभं राहायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

"कळपाचं काय?" रेल्वेत चढताना त्यांनी विचारलं.

"ते माझ्याकडं लागलं. गाडी सुटंल, चढा."

ते गेले आणि रानातली उरलीसुरली काडीही संपली. मेंढरं हलवायची सकाळ आली. मी काठी घेऊन कळपापुढं उभी राहिले, हाक दिली. एकही मेंढरू हललं नाही. पुन्हा दिली. म्हाताऱ्या मेंढीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. सासूबाईंचंच खरं निघालं असं वाटलं, आणि त्यांच्याकडं बघायची लाज वाटली.

तेवढ्यात कळपाच्या शेवटाकडनं त्यांचाच आवाज आला. गुडघे आखडलेली ती बाई घोड्याचा दोर हातात घेऊन उभी होती.

"नुसत्या हाका कावून मारायलीस? तू उभी, म्हणून ती उभी. चाल फुडं!"

मी चालायला लागले. बांध ओलांडला तरी मागं आवाज नव्हता. मानेला कळ लागली, पण वळवली नाही. सडक लागली, मी तशीच पुढं गेले. मग डांबरावर खुरं वाजायला लागली.