रांजणाचा फिका तुकडा

आमचे बाबा लाकडी फर्निचर दुरुस्त करतात. खुर्चीचा मोडका पाय असा जोडतील की कुठे जोडलाय ते मालकालाही सापडत नाही. "सांधा दिसला तर कारागीर कसला," हे ऐकतच आम्ही दोघी बहिणी मोठ्या झालो. ताई जुनी मातीची भांडी जोडायचं शिकली आणि संग्रहालयात लागली, तेव्हा बाबांनी नाक मुरडलं. फुटकी मडकी जोडायला शिकायचं काय त्यात, म्हणाले. ती बोलावत राहिली आणि यांना नेमकं त्याच दिवशी काम निघत राहिलं.

आता तिने जोडलेला रांजण पहिल्यांदाच लोकांसमोर मांडला होता. ती मला म्हणाली, "हे शेवटचं. आज नाही आले, किंवा येऊन टोचून बोलले, तर माझ्या कामाचा विषय मी घरात काढणार नाही." ताई कमी बोलते, पण बोलली की काळ्या दगडावरची रेघ. म्हणून मी बाबांना अक्षरशः ओढून आणलं.

संग्रहालय एका जुन्या धान्याच्या गोदामात आहे. पहिल्या दालनात नांगर, लाकडी मापं आणि एक कोरीव दरवाजा. बाबा दरवाजापाशी असे रमले की पहारेकऱ्याला दोनदा सांगावं लागलं, आजोबा, हात लावू नका. स्वारी खुशीत होती.

मग रांजण आला. शेजारी ताई उभी होती. माझ्या छातीएवढा उंच, तांबूस, आणि गळ्याभोवती कुणीतरी ओल्या मातीत बोटांनी दाबत नेलेली नक्षी. नदीच्या गाळातून निघालेल्या टोपलीभर खापऱ्यांतून माझ्या बहिणीने हे उभं केलं होतं. मला चक्क रडू आलं, आणि मी रडणाऱ्यांतली नाही.

बाबांनी चष्मा चढवला. रांजणाच्या पोटावर वीतभर तुकडा जरा फिका होता.

"रंग जुळला नाही हिला," ते दालनभर ऐकू जाईल असं म्हणाले. वर खिशातून ओरखडे बुजवायची मेणाची कांडी काढली. "काचेची पेटी उघडायला सांग. आत्ता लपवून देतो."

ताईचा चेहरा उतरला. झालं, संपलं सगळं, असं मला वाटलं. पण ती शांतपणे म्हणाली, "लपवायचा नाहीये, बाबा. तिथली खापरी मिळालीच नाही, म्हणून मी नवीन भरलंय. जुनं किती आणि माझं किती, हे बघणाऱ्याला कळायला हवं. नाहीतर ती फसवणूक झाली."

"रंग जुळवता येतो ना तुला?"

"येतो. आधी तंतोतंत जुळवला, मग मुद्दाम फिका केला."

बाबा रांजणाभोवती एक फेरी मारून आले. "आणि उद्या खरी खापरी सापडली तर?"

"माझा तुकडा काढायचा, ती बसवायची. सहज सुटेल असाच चिकटवलाय."

कांडी खिशात गेली. तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. "अख्खाच सापडला का हो हा?" त्यांनी ताईला विचारलं.

उत्तर बाबांनी दिलं, काचेवर त्या तुकड्यासमोर बोट ठेवून. "नाही हो, पार चुरा झाला होता. तो फिका भाग दिसतोय ना, तो माझ्या मुलीने केलाय. ही काय, ही."

बाई कौतुकाने बघून पुढे गेल्या. बाबा मात्र तिथून हलेनात. काचेवर बोट तसंच ठेवून ते ताईला म्हणाले, "इतक्या खुर्च्या जोडल्या मी. एकीवरही असं बोट ठेवून दाखवता यायचं नाही मला."