झालं आणि झालंच

माझे भावोजी दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांचा हात फार हलका आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी त्यांच्यावर डूख धरून होते. छोट्या जेट विमानांसाठी वैमानिक तयार करणं हा माझा धंदा. भावोजी हौशी वैमानिक. सुट्टीच्या दिवशी पुढे पंखा असलेलं जुनं विमान घ्यायचं, तासभर हिंडायचं आणि परत येऊन चहा प्यायचा, एवढाच त्यांचा व्याप होता. मग एका मित्राबरोबर भागीदारीत त्यांनी छोटं जेट घेतलं आणि त्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यांची लेक दूरच्या शहरात शिकते. पहिल्याच फेरीला ताईला शेजारी बसवून लेकीकडे जायचं, असा बेत पक्का झाला होता. अडलं होतं ते परीक्षेनंतरच्या माझ्या सहीपाशी.

हौशी माणसाला जेट झेपतं का, असं मला जो तो विचारतो. विमान गाईसारखं गरीब असतं. जुन्या विमानापेक्षा त्यात खटपटही कमी. फक्त ते पळतं. आणि एकट्यानं उडवायची मुभा असते, म्हणजे शेजारी चूक पकडणारं कुणी नसतं. आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं.

तिथंच भावोजींची गोची होती. त्यांच्या दवाखान्यात पेशंट आ वासून पडलेला असतो, ते दात कोरत असतात आणि तोंडानं चालू असतं, "झालंच, झालंच." निम्मंही झालेलं नसतं. पेशंटला धीर यावा म्हणून म्हणायचं. घरातही तेच. ताई जेवायला हाक मारते, हे "झालंच" म्हणतात, आणि ताई गॅस बंद करून खुशाल टीव्ही बघत बसते.

आमचा सिम्युलेटर धावपट्टीच्या कडेला एका गोदामवजा इमारतीत आहे. विमान खोटं, पण आतल्या खुर्च्या, काटे, आवाज सगळं हुबेहूब. परीक्षेच्या दिवशी मी मागे बसून नियंत्रण कक्षाचं सोंग वठवत होते. भावोजी उतरायच्या तयारीला लागले. विमान अजून वेगात होतं. तेवढ्या वेगात चाकं खाली काढता येत नाहीत, आधी वेग उतरवावा लागतो. त्यांनी उतरण्याआधीच्या कामांची यादी मोठ्यानं वाचायला घेतली.

"चाकं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "झालंच."

वेग जरा उतरला की काढू, असा त्यांचा हिशेब. जुन्या विमानात तो खपून गेला असता, कारण तिथं लक्षात यायला वेळ मिळतो. मी नेमकं तेव्हाच रेडिओवर सांगितलं की धावपट्टी बदलली आहे. भावोजींनी नवी पट्टी शोधली आणि वळण घेतलं, अगदी सुरेख घेतलं. चाकं वरच आहेत म्हणून भोंगा कोकलायला लागला. एका हातानं तो बंद करून ते मला रेडिओवर उत्तर देत राहिले. मग विमान पोटावर टेकलं आणि समोरचा पडदा लाल झाला.

"चाकं काढली होती की मी," ते म्हणाले.

"नव्हती काढली."

"अगं, झालं म्हणालो ना?"

"झालंच म्हणालात, भावोजी."

"बरं बाई, झालंच. काय फरक पडतो?"

"एका 'च'चा. तेवढ्यात विमान पोटावर येतं."

ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत मला ताई दिसत होती, आणि मी खरंच घाबरले होते. मी सही केली नाही. शेजारी दुसरा वैमानिक घेऊन उडा, एकट्यानं नाही, एवढं सांगून मी दिवे मालवले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "एका शब्दासाठी माणसाचा एवढा पाणउतारा? तू नाही केलीस सही तर दुसरं कुणी करेल."

"करेल की. करणारे मिळतात."

"त्या विमानात मी बसणार आहे गं!"

"म्हणूनच करत नाहीये."

तिनं फोन ठेवला आणि त्यानंतर माझा फोन उचलणंच बंद केलं. भावोजी दुसऱ्या शिक्षकाकडे गेले की नाही, तेही कळेना. मला रोज वाटायचं, आज गेले असतील.

मग माझी दाढ ठणकायला लागली. दुसरा डॉक्टर गाठायचं मनात आलं, पण ते ताईला कळलं असतं तर तिनं मला जन्मात दारात उभं केलं नसतं. गेले मुकाट्यानं. बाहेर बसलेली मदतनीस बाई कुजबुजली, "डॉक्टरांना जरा सांगा हो. हल्ली पेशंटला सगळं खरं सांगत सुटलेत. लोक घाबरतात."

"या मास्तरीणबाई," भावोजी म्हणाले. "आज परीक्षा तुमची."

मी आ वासला. मशीन सुरू झालं. मी डोळे मिटून नेहमीच्या "झालंच"ची वाट बघत राहिले. मशीन थांबलं.

"निम्मं झालंय," ते म्हणाले. "निम्मं राहिलंय. आता दुखेल."

दुखलं, चांगलंच दुखलं. मशीन पुन्हा थांबलं. "अजून नाही," एवढंच म्हणाले. शेवटी त्यांनी मशीन बाजूला ठेवलं, छोटा आरसा घेतला, दिवा जवळ ओढला, दाढ सगळ्या बाजूंनी नीट बघितली, आणि मगच म्हणाले, "झालं."

माझे डोळे भरून आले.

"एवढं दुखलं का गं?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तोंडात कापूस होता, त्यामुळे "उद्या सिम्युलेटरला या" हे मला दोनदा सांगावं लागलं. समजलं तेव्हा ते हातमोजे काढता काढता थबकले.

"झालंच म्हणून समज," ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावून, "येतो."