वरवंट्याखालचे पत्र

मित्रांनो, एक पत्र अठरा दिवस माझ्याखाली पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. मी काळ्या दगडाचा एक जुना वरवंटा आहे. मला लिहिता येत नाही. पण त्या पत्रावरचे वजन माझे होते, हे खरे.

मोरगावच्या एका पाथरवटाने मला घडवले. द्वारकाबाईंनी मला आणि पाट्याला माहेराहून एसटीने इंदापूरला आणले. चाळीस वर्षे मी मिरची, ओली हळद, लसूण वाटला. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की गंधकाचे घटक तयार होतात आणि वास घरभर सुटतो. हे मला द्वारकाबाईंच्या यजमानांकडून, झुंबरतात्यांकडून कळले. पाहुणे चटणी वाखाणायचे, तेव्हा थोडे कौतुक माझ्याही वाट्याला यायचे. मग मिक्सर आला. पाटा नळाखाली कपडे धुवायला गेला. मी तात्यांच्या टेबलावर गेलो, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून.

झुंबरतात्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. चारचौघांत बोलायला ते लाजतात. गेल्या वर्षी त्यांनी बारामतीच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला. लसूण, हळद, टोमॅटो, पेरू यांतल्या काही घटकांमुळे कॅन्सरचा धोका कमी होऊ शकेल, असे काही अभ्यास सुचवतात. खात्री अजून नाही, असे त्यात होते. ‘कदाचित’ हा शब्द नऊ वेळा आला होता.

त्यानंतर वरकुट्याच्या प्रयागबाईंचे पत्र आले.

“माझ्या छातीत गाठ हाय. दुखत न्हाय. घरात कुणाला बोलले न्हाय. फोनवर समद्यास्नी ऐकू जातं, म्हणून लिव्हते. तुमचा लेख वाचून दीड महिना रोज सात पाकळ्या लसूण खाते. गाठ विरघळायला किती दिस लागत्यात? तवर दवाखान्यात जाऊ का नगं?”

तात्यांनी तीनदा उत्तर लिहिले आणि तीनदा फाडले. मग पत्राची घडी करून माझ्याखाली ठेवली.

एकोणिसाव्या दिवशी मिक्सर बिघडला. द्वारकाबाई मला न्यायला आल्या, तसे पत्र खाली पडले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले.

“अवो, ही बाई वाट बघत आसंल. किती दिस झालं?”

“अठरा.”

“मोजलं तेवढं बराबर.”

“काही चुकीचं लिहिलं गेलं तर? मी डॉक्टर नाही.”

“मग तसंच लिव्हा की. समद्या तालुक्याला लसूण खायला सांगितलात, आन एका बाईला दवाखान्यात जा म्हणायला लाजता व्हय?”

तात्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग लिहिले आणि वाचून दाखवले.

“प्रयागबाई, उशीर झाला, चूक माझी आहे. मी डॉक्टर नाही. लसूण जेवणात खा. पण तो गाठीवरचा उपाय नाही. गाठ साधी आहे की कसली, ते तपासल्यावरच कळते. पत्र मिळेल त्याच दिवशी दवाखान्यात जा.”

या पत्रात ‘कदाचित’ एकदाही नव्हता.

“खाली माझा नंबर घाला,” द्वारकाबाई म्हणाल्या. “सोबतीला कुणी नसंल तर मी जाते म्हणावं.”

मित्रांनो, माझी निगा फार नाही. वाटून झाले की धुवा आणि कोरडा ठेवा. फक्त कुणाचा प्रश्न माझ्याखाली ठेवू नका. दगडाला त्याचे उत्तर देता येत नाही आणि तिकडे विचारणाऱ्याचे दिवस जातात.

तात्या पाकीट घेऊन बाहेर पडले. पाटा नळाखालून आत आला. आम्ही दोघे पुन्हा लसूण ठेचू लागलो. तासाभराने तात्या परतले.

“पेटीत टाकलं?”

“नाही. पोस्टात हातात दिलं. स्पीड पोस्टानं. उद्या पोचेल म्हणाले.”

सवयीने ते पावती माझ्याखाली ठेवायला वाकले. मी लसणाने ओला होतो. त्यांनी ती खिशात ठेवली.