हिवाळ्याचा सराव

रवींद्रचा ठोसा निशिकांतच्या तोंडावर बसला तेव्हा दोघेही अजून पळतच होते. निशिकांत तसाच दोन पावलं पुढे गेला आणि मग गुडघ्यांवर आपटला. तोंडाला लावलेला हात त्याने खाली घेतला, तर तळव्यात रक्त होतं आणि रक्तात पुढच्या दाताचा तुकडा. एवढ्यावर थांबला असता तर पळता पळता कोपर लागलं असं तरी रवींद्रला सांगता आलं असतं. पण तो थांबला नाही. त्याने साडूला टी-शर्टच्या गळ्याला धरून उभा केला, आणखी एक ठेवून दिला, आणि तो पुन्हा पडल्यावर पळण्यासाठी म्हणून हौसेने घेतलेल्या महागड्या बुटाने त्याच्या बरगडीत लाथ घातली.

निशिकांतही काही मुकाट मार खाणारा नव्हता. त्याने हातातली पाण्याची बाटली खालूनच रवींद्रच्या भुवईवर हाणली. मग दोघे ईस्ट कोस्ट पार्कच्या ओल्या गवतात एकमेकांना गुरासारखे तुडवू लागले. समुद्रावरून पावसाची सर आली आणि रक्त, चिखल, सगळं एक झालं.

मागून त्यांच्या ग्रुपची मंडळी पळत येत होती. सगळ्यांत आधी पोचले शिरीषकाका. साठी उलटलेले, ग्रुप त्यांनीच सुरू केलेला.

“अरे, सोडा! सोडा आधी! कॅमेरे आहेत इथे!”

माणूस मरेल याची काळजी नंतरची. सिंगापुरात राहणाऱ्या माणसाला आधी कॅमेरा दिसतो.

चौघांनी मिळून रवींद्रला बाजूला ओढलं. निशिकांत थुंकला, ओठ पुसला आणि फुटक्या तोंडाने हसला.

“पास रिन्यू व्हायचाय ना तुझा, फेब्रुवारीत? बघतोच कसा होतो ते.”

साडू साडूंचं पटलं तर नवल, असं त्यांच्या सासूबाईच म्हणायच्या. रवींद्र थोरल्या सविताचा नवरा, निशिकांत धाकट्या क्षिप्राचा. रवींद्र बुओना व्हिस्टाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, यिशुनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नोकरीच्या पासवर. निशिकांत बँकेत, ईस्ट कोस्टच्या आलिशान कोंडो सोसायटीत, लाल पासपोर्टवाला नागरिक. पोलिसात तक्रार गेली तर निशिकांतचा फार तर रविवार वाया जाणार होता. रवींद्रचा पास, सविताचा त्या पासावर टेकलेला पास आणि ऐन दहावीच्या वर्षात जाईची शाळा, असं सगळंच जाणार होतं.

दोघांना एकत्र आणलं होतं मार्चमधल्या कोरियातल्या सोलच्या मॅरेथॉनने. मार्चमध्ये तिकडे वसंत, पण तोही गारठवणारा. त्याची तयारी इकडच्या हिवाळ्यात करायची, आणि सिंगापुरात हिवाळा म्हणजे नुसता पाऊस. निशिकांत कोंडोच्या जिममध्ये एसी शक्य तेवढा खाली आणून हातमोजे घालून पळायचा आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. सासूबाईंनी तर पुण्याहून दोघा जावयांसाठी दोन लोकरी कानटोप्या विणून पाठवल्या होत्या.

डिसेंबरातल्या त्या रविवारी लांबचं पळणं होतं. बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा, असा नियम. निशिकांत बोलत होता.

“क्षिप्रा म्हणते, सोलला येणार नाही. बुकिंग झाल्यावर! काल दिली मग एक कानाखाली. आता येते म्हणाली.”

आज डाव्या पोटरीत गोळा येतोय, हे सांगावं त्याच सुरात त्याने हे सांगितलं. रवींद्रने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यावर निशिकांत आणखी एक वाक्य बोलला आणि ठोसा बसला. ते वाक्य रवींद्रने पुढे कुणालाही सांगितलं नाही.

*

सविताने फ्रीजरमधली मटारची पिशवी त्याच्या भुवईवर धरली होती. ती त्याच्या समोर, पण थोडी तिरकी बसली होती, उजवा कान त्याच्याकडे करून. पुण्याहून इकडे यायच्या वेळी विमानात तिच्या डाव्या कानाला दडा बसला आणि तो उतरलाच नाही, हे सगळ्या ग्रुपला ठाऊक होतं. पंगतीत तिला कायम डावीकडच्या टोकाला जागा मिळायची.

रवींद्रने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला. आपण हे सविताच्या बहिणीसाठी केलं, हे त्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. निदान तिने मान तरी डोलवावी.

“आणि मग?” सविता म्हणाली.

“मग काय? हाणला त्याला. बाईवर हात टाकतो म्हणजे काय!”

“आणखी काही म्हणाला तो?”

“नाही.”

तिने मटारची पिशवी जरा जास्तच जोरात दाबली. तो कळवळला.

जाई आपल्या खोलीच्या दारात उभी होती. “पपा, यू फाइट अह? सो ओल्ड ऑलरेडी, स्टिल फाइट?” म्हणाली आणि आईचा चेहरा पाहून आत गेली.

संध्याकाळी शिरीषकाकांचा फोन आला. निशिकांतने अट घातली होती. संक्रांतीचा तिळगूळ यंदा त्याच्या घरी. तिथे सगळ्यांसमोर रवींद्रने माफी मागायची. मागितली तर विषय संपला, नाहीतर तक्रार तयार आहे.

“अरे, संक्रांत असते कशासाठी?” काका म्हणाले. “तिळगूळ द्यायचा, मिटवून टाकायचं. आपल्या माणसांत का कुणी पोलीस आणतं?”

मग क्षिप्राचा फोन आला. ती फार हळू बोलत होती.

“दाजी, माफी मागून टाका. पेटवता तुम्ही आणि चटके मला बसतात.”

ते ऐकून रवींद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री स्काइपवर सासूबाई आल्या, तेव्हा भुवईवरची पट्टी दिसू नये म्हणून तो दिव्याच्या उलट बाजूला बसला.

“टोप्या होतात ना नीट?” त्या विचारत होत्या. “कान झाका हो. थंडी आधी कानात शिरते.”

“झाकतो, आई,” तो म्हणाला. सविता उठून पाणी प्यायला गेली.

*

संक्रांतीपर्यंत तो एकटाच यिशुनच्या तळ्याकाठी पळाला. पळायचा कसला, जमिनीला मारायचा. प्रत्येक पावलाखाली त्याला निशिकांतचं तोंड दिसायचं. उरलेले दात, नाक, मग पुन्हा दात. दम लागला की ते वाक्य आठवायचं आणि तो पुन्हा सुसाट सुटायचा. घड्याळ सांगत होतं की इतका वेगवान तो आयुष्यात पळाला नव्हता. जानेवारीतल्या एका अर्ध्या मॅरेथॉनमध्ये त्याला मेडल मिळालं. शेवटच्या वळणावर त्याने पुढच्या माणसाला खांद्याने ढकललं होतं. तो माणूस धडपडला, त्याने चिनी भाषेत शिवी घातली आणि रवींद्रने मागे वळूनही पाहिलं नाही. मेडल घरी नेऊन त्याने ड्रॉवरमध्ये टाकलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तो आणि सविता निशिकांतकडे गेले. जाई आली नाही, तिला अभ्यास होता. दिवाणखान्यात ग्रुप जमला होता. बायका काळ्या साड्यांत, पुरुष झब्ब्यांत, खिडकीबाहेर समुद्र आणि त्यावर उभी असलेली जहाजं. निशिकांतने दात बसवून घेतला होता, तात्पुरता. त्यामुळे त्याचे ‘स’ जरा घसरत होते आणि ते कुणाच्या कानावर पडत नव्हते, असं सगळे दाखवत होते.

“चला, रवींद्र,” शिरीषकाका म्हणाले. “शुभस्य शीघ्रम्.”

रवींद्र उभा राहिला. क्षिप्रा स्वयंपाकघराच्या दारात तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली होती. फेब्रुवारी आणि जाईची शाळा, एवढंच त्याने डोळ्यांसमोर ठेवलं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “हात उचलायला नको होता.”

टाळ्या पडल्या. खरोखरच पडल्या! निशिकांतने ताटातली वडी उचलून त्याच्या हातावर ठेवली, तिळगूळ घ्या म्हणाला, गोड बोला म्हणाला, आणि हसत हसत दुसरी वडी स्वतः चावली.

कट्कन आवाज झाला. निशिकांतचा चेहरा पांढरा पडला. वडी दगडासारखी कडक होती.

“पाक जरा पुढे गेला,” क्षिप्रा पुटपुटली.

गालावर हात ठेवून निशिकांत स्वयंपाकघरात गेला. जाता जाता त्याने क्षिप्राचं मनगट धरलं होतं. दार लोटलं गेलं.

आतून आवाज आला. एकच, सपाट. मागोमाग ताट फरशीवर पडून गरगरत राहिलं. दिवाणखान्यात सगळे एकदम बोलायला लागले. कुणी सोलच्या हवामानाचं काढलं, कुणी शाळांच्या फीचं. दोन दोन कान शाबूत असलेल्या त्या मंडळींपैकी कुणालाही काहीही ऐकू आलं नाही.

सविताला आलं. तिने हातातला पेला खाली ठेवला आणि ती आत गेली. रवींद्र तिच्या मागोमाग.

क्षिप्रा सिंकला टेकून उभी होती. डावा गाल लाल, पायाशी वड्यांचा सडा.

“पासपोर्ट घे,” सविता तिला म्हणाली. “दोन कपडे घे. चल.”

“ताई, तुम्ही मध्ये पडू नका,” निशिकांत म्हणाला. “हा आमच्या नवराबायकोतला प्रश्न आहे.”

तो क्षिप्राच्या दिशेने एक पाऊल सरकला. त्याचं पुढचं पाऊल पडायच्या आत रवींद्रने त्याला फ्रीजवर आदळलं होतं. फ्रीजवरची लोहचुंबकं खळाखळा खाली पडली. एका हाताने गळा, दुसऱ्या हाताची मूठ वर. तो नवा दात त्याला अगदी जवळून दिसत होता. महिनाभर तो ह्याच क्षणासाठी पळाला होता.

दारात माणसं जमली. त्यांना पाहून निशिकांतला जोर आला. घशातून निघेल तेवढ्या आवाजात तो ओरडला.

“मला शिकवतोस? सिंगापूरला येत नाही म्हणाल्या, तेव्हा तूही ताईंना दिली होतीस ना एक कानाखाली? काय झालं? आल्याच ना?”

हेच ते वाक्य. पार्कातही हेच होतं, फक्त तेव्हा तो ते प्रेमाने, बरोबरीच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाला होता.

रवींद्रची मूठ वर तशीच राहिली. आता सविता हात धरेल, असं त्याला वाटलं. धरावा, असं फार वाटलं. पण तिने धरला नाही. ती दारातल्या मंडळींकडे वळली.

“विमानात दडा बसला असं मी सगळ्यांना सांगत आले,” ती म्हणाली. “विमानाचा काही दोष नव्हता.”

क्षिप्रा त्यांच्यामधून वाट काढत बाहेर पडली. आतल्या खोलीत तिने कपाट उघडल्याचा आवाज आला. शिरीषकाका घसा खाकरून पुढे झाले.

“सविता, अगं, आजच्या दिवशी तरी... गोड बोलावं.”

“गोडच बोलतेय, काका. आठ वर्षं गोडच बोलले.” मग ती निशिकांतकडे वळली. “तुम्हाला पोलिसात जायचं होतं ना? चला की. तुमची तक्रार लिहा, क्षिप्राची क्षिप्रा लिहील, माझी मी लिहीन. ज्याचा पास जायचा त्याचा जाऊ दे, ज्याची बँक जायची त्याची बँक.”

रवींद्रने निशिकांतचा गळा सोडला. मूठ उघडली तेव्हा तिच्यात मघाशी घेतलेली तिळगुळाची वडी होती. तिच्या कडा तळव्यात रुतल्या होत्या.

*

खाली टॅक्सी मिळायला वेळ लागला. पावसाची सर येऊन गेली होती आणि रस्ता चमकत होता. क्षिप्राच्या हातात कापडी पिशवी होती, तीही घाईत उलटी धरलेली. दोघी बहिणी मागे बसल्या. रवींद्रने पुढचं दार उघडलं, मग लावलं, आणि तोही मागेच शिरला, सविताच्या डाव्या बाजूला.

टॅक्सी समुद्र सोडून उत्तरेकडे वळली. क्षिप्राने मान खिडकीला टेकवली होती. सविताने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती सरळ समोर बघत होती.

“जाईच्या खोलीत झोप,” तिने क्षिप्राला सांगितलं. “उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ. आपण दोघी.”

रवींद्र गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत बसला होता. बोटांच्या सांध्यांवरचे डिसेंबरचे डाग अजून गेले नव्हते. मग तो तोंडातल्या तोंडात, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, “चुकलं माझं.”

सविता समोरच बघत राहिली.

त्याला आपण कुठल्या बाजूला बसलोय ते आठवलं. तो थोडा पुढे वाकला आणि मोठ्याने म्हणाला, “सविता, चुकलं माझं.”

“ऐकू आलं,” ती म्हणाली. तिने मान वळवली नाही. “मघाशीच आलं होतं.”