हजेरीचं वचन

पिन आत गेली, बाहेर आली, आणि तिच्या टोकावर काजळीचा एक कण – बकुळाबाई तो बोटावर घेऊन पाहत राहिल्या. एवढ्याशा कणानं स्टोव्ह अडतो. अशाच एका पिनेसाठी लेकाला, आनंदाला, खाली पाठवलं होतं, गेल्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत, नाक्यावर गोळीबार चालू आहे हे ठाऊक नसताना... ठाऊक नव्हतं? सकाळपासून आवाज येत होते. मी ऐकत होते, आणि तरी म्हटलं, जा रे पटकन, चहा खोळंबलाय.

तो विचार आला की त्याच्यापुढे बायबलातलं एखादं वचन उभं करा, असं चर्चच्या पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, सांगितलं होतं. बकुळाबाई नेमानं करीत. पण त्यांना वाचता येत नव्हतं. पाठ असलेलं एकूण एक वचन आनंदानं शिकवलेलं – त्या भाकऱ्या थापायच्या, तो पाटावर बसून एकेक तुकडा म्हणायचा, त्या मागून म्हणायच्या, चुकलं की तो परात वाजवायचा. वचन यायचं ते त्याच्या आवाजात, तो जिथे श्वास घ्यायचा तिथे थांबत. आणि ज्याला हाकलायचं तो विचार अधिकच आत सरकून बसायचा.

म्हणून नवं वचन. पाळकीणबाईंच्या तोंडून घोकलेलं, लांबलचक. चर्चच्या भगिनी मंडळात हजेरीला ‘हजर’ म्हणत नसत. नाव पुकारलं की वचन म्हणायचं. जानेवारीपासून बकुळाबाई नुसती मान हलवीत, आणि चिटणीस वासंती साळवे पुढचं नाव घेई. आज म्हणायचं. आज जमलं नाही तर पुन्हा जायचं नाही – मग घरी नवरा दौलत नाही, आनंदा नाही, त्या खोलीत आपण आणि तो विचार, दोघंच.

जिन्यात शेजारच्या मीराबाई भेटल्या.

“खंय गे, प्रार्थनेक? सांजेक हुतात्म्यांच्या सभेक ये. आनंदाची आवस म्हणान तुका पुढच्या खुर्चेर बसवतले.”

“तो मोर्चात नव्हता, मीराबाई.”

“गोळी लागली मा? मग झाला तर.”

काळाचौकीहून परळपर्यंत त्या ओठांतल्या ओठांत वचन म्हणत चालल्या. भिंतींवरच्या घोषणांचा चुना पुसट झाला होता. वचनात पाणी होतं, नद्या होत्या, आग होती. या सगळ्यांतून देव माणसाला सुखरूप पार नेईल, असा शब्द होता. पाणी, नद्या, आग... गोळीचं त्यात काही नव्हतं. इतके दिवस घोकलं, आणि हे आजच कसं दिसलं?

चर्चमध्ये पंखा नव्हता. बायका एकेक करून उभ्या राहत होत्या, वचन म्हणून बसत होत्या.

“बकुळाबाई गायकवाड.”

त्या उभ्या राहिल्या. पाणी – पुढे काही नाही. पाळकीणबाईंचे ओठ हलले, पुढचा शब्द पुरवू लागले, आणि त्याच क्षणी बकुळाबाईंच्या तोंडून भलतंच वचन निघून गेलं. शास्त्रातलं सर्वांत लहान, दोन शब्दांचं. मित्राच्या कबरेपाशी येशूला रडू आलं, एवढंच सांगणारं. संडेस्कूलमधली आळशी पोरं हेच म्हणून सुटका करून घेत. आनंदा तर दर रविवारी एका दमात तेच म्हणायचा आणि खाली बसून हसायचा.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“ते चालत नाही हं, ठरलंय ना आपलं,” वासंती सवयीनं म्हणाली, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

“असू दे,” पाळकीणबाई म्हणाल्या. “पुढचं नाव घ्या.”

बकुळाबाई बसल्या. त्या दोन शब्दांचा आवाज आनंदाचाच होता, आणि या खेपेला त्यांनी तो आवरला नाही. ...येशू कबरेपाशी उभा राहिला तेव्हा त्याला तर ठाऊक होतं – आता हाक मारायची आणि मित्र उठून बाहेर यायचा. तरी रडला. त्याच्याजवळ सगळी वचनं होती. त्यातलं एकही त्यानं रडण्यापुढे उभं केलं नाही. आणि माझा तर उठून आलेला नाही.

शेजारची बाई उभी राहून लांब वचन अडखळत म्हणत होती. बकुळाबाई तेच दोन शब्द पुन्हा ओठांतल्या ओठांत म्हणू लागल्या. ते रडणं होतं की देवावरचा राग, हे त्यांना अजून कळत नव्हतं.