थांगझोवाची मूठ

मित्रांनो, माझ्या बुडाला गंज चढला आहे आणि माझे झाकण नीट बसत नाही. मिझोरामच्या डोंगरातल्या एका गावात, चुलीजवळच्या फळीवर माझी जागा आहे. रॉकेलच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून एका कारागिराने मला, या लहानशा डब्याला, घडवले आणि रोछिंगीआजीने मला घरी आणले.

आमच्याकडे भात शिजवण्यापूर्वी प्रत्येक घरात एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. आजी माझ्यात दोन मुठी टाकायची. दुसरी तिच्या मुलाच्या, थांगझोवाच्या नावाची. दारूपायी चर्चने त्याला सभासदांतून काढले होते. परत यायचे तर सगळ्यांसमोर उभे राहून चूक कबूल करायची, असा नियम. तो परत यावा, एवढेच आजी देवाकडे मागत असे. अकरा वर्षे मागत होती.

दर शनिवारी झाइरेमी चर्चच्या बायकांबरोबर हे तांदूळ गोळा करायला यायची.

"आजी, दोन मुठी घातल्या म्हणून पोरगा दुप्पट सुधारतो का गं?"

"भात शिजायला वेळ लागतो, बाई."

"अकरा वर्षं? मग तुझी लाकडंच ओली आहेत!"

बरोबरच्या बायका खो खो हसायच्या. आजीही हसायची. त्या गेल्यावर मात्र ती बराच वेळ माझे झाकण लावत बसे.

एका शनिवारी झाइरेमी आली नाही, म्हणून रविवारी आजीने मलाच चर्चमध्ये नेले. त्या दिवशी थांगझोवा कबुली द्यायला उभा राहिला. धीर यावा म्हणून तो दोन घोट घेऊन आला होता. "मी दारू सोड..." म्हणता म्हणता त्याचा तोल गेला. सगळे चर्च हसले.

"पुढच्या वर्षी बघू," चर्चमधले एक वडीलधारे म्हणाले. "आणि शुद्धीत ये, बाबा."

"पिऊन का होईना, आला ना?" आजी म्हणाली. त्या हशात ते कुणाला ऐकू गेले नाही. मी तिच्या मांडीवर होतो, म्हणून मला ऐकू आले.

त्याच हिवाळ्यात आजी वारली. चार महिने मी रिकामा होतो.

मग एका संध्याकाळी थांगझोवाने माझ्यात एक मूठ टाकली. अर्धी जमिनीवर सांडली. भात खाऊन तो प्यायला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक मूठ. शनिवारपर्यंत माझे बूड झाकले गेले, आणि तो स्वतः मला घेऊन दारात उभा राहिला.

झाइरेमीने माझ्या तोंडाशी नाक नेले. "दारूचा वास येतोय, दादा. देवाच्या घरी हे चालत नाही." तिने मला अंगणात उपडे केले. कोंबड्या धावत आल्या.

"ती मूठ आईची नव्हती," तो म्हणाला. "माझी होती."

तोवर ती पुढच्या घरी पोचली होती.

मित्रांनो, ज्याला यायला उशीर होतो, त्याने काही आणले तर ते आधी हातात घ्या. तो सुधारला का, हे नंतर विचारा. आता चूल पेटली आहे. थांगझोवाने भातासाठी तांदूळ काढले आहेत. त्याचा हात अजून माझ्याकडे वळलेला नाही. मी वाट पाहतो आहे.